काचेवरचा शेंदूर

माझ्या डाव्या हाताला दोनच बोटं आहेत, करंगळी आणि तिच्या शेजारचं. नवीन माणूस भेटला की त्याची नजर तिथं जाते आणि तो तोंडातल्या तोंडात अरेरे करतो. मला ते अरेरे कधी पचलं नाही. हाताचं काय झालं ते मी लिहिणार आहे, पण ज्याला कीव करायची असेल त्यानं इथंच थांबावं. कीव मी तेव्हाही घेतली नाही, आणि तेव्हा तर घरात ज्वारीचा दाणा नव्हता.

इंग्रजाची आणि जर्मनची लढाई चालू होती त्या सालांतली गोष्ट. आमच्यावर राज्य निजामाचं. तेरच्या टेसनाच्या अलीकडं, छोट्या गाडीच्या रुळाला लागून कापसाचा कारखाना होता. कापसातली सरकी काढायची, रुई वेगळी करायची, एवढंच काम. दिवाळीच्या आसपास भोंगा सुरू व्हायचा तो गुढीपाडव्यापर्यंत. यंत्रांची एक लांब रांग, प्रत्येक यंत्रापुढं एक बाई बसलेली, ती हातानं कापूस घालत राहायची. यंत्रांच्या खालून एक लोखंडी दांडा फिरायचा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा जायचा. दिवसभर त्या पट्ट्यांचा फटफट आवाज आणि नाकातोंडात रुई.

मालक बार्शीकडचे, पण हंगामभर इथंच राहायचे. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. कुणाच्या घरी मयत झाली की लाकडं पाठवायचे. बाळंतिणीच्या घरी गूळ-खोबरं जायचं. पण ते आपल्या मनानं द्यायचे. कुणी तोंड उघडून मागितलं की त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहायची.

माझं काम दांड्याला तेल घालायचं आणि एखादा पट्टा सटकला की तो परत चढवायचं. आता पट्टा चढवायचा म्हणजे खरं तर आधी इंजन थांबवायला पाहिजे. पण ते इंजन एकदा थांबलं की परत सुरू करायला मिस्त्रीचा जीव जायचा, अर्धा तास तरी मोडायचा, आणि तेवढ्यात मालक ओट्यावर येऊन उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत, नुसते उभे. म्हणून आमच्याकडं चालू दांड्यावरच पट्टा चढवायची रीत पडली होती. उजव्या हातानं पट्टा ताणायचा, डाव्या हाताच्या तळव्यानं त्याला चाकावर ढकलायचं आणि लगेच हात मागं. काही जण त्यासाठी लाकडी दांडकं घ्यायचे. मी घेत नव्हतो. बाया बघायच्या आणि मला त्याची मोठी ऐट होती. हे मी लपवत नाही. चालू पट्टा मोकळ्या हातानं चढवणारा त्या कारखान्यात मी एकटा, आणि इंजन थांबवा म्हणणारा म्हणजे बायकी, असं मीच चार माणसांत म्हटलेलं आहे.

आता काचेचं सांगतो. कारखान्याच्या आतल्या भिंतीवर, दारातून शिरलं की समोर, एक चौकट टांगलेली होती. आत सरकारी कागद, वर काच. कागद उर्दूत होता, कारण सरकारचा सगळा कारभारच उर्दूत. तो कधी लावला कुणाला माहीत नव्हतं, पण वर सरकारचा शिक्का होता, आणि एक कुणीतरी साहेब येऊन तो लावून गेला एवढी वदंता होती. खंडेनवमीला आम्ही कारखान्यातल्या सगळ्या लोखंडाची पूजा करायचो. इंजनाला हळदी-कुंकू, प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, दांड्यापुढं नारळ. तेव्हा कुणाच्या तरी मनात आलं असेल की भिंतीवर सरकारचं जे काही आहे तेही यंत्रांची राखण करत असेल, त्याला उपाशी कसं ठेवायचं. पहिल्या वर्षी कुंकवाचं बोट लागलं असेल. मग शेंदूर. मी कामाला लागलो तेव्हा काचेचा वरचा अर्धा भाग लाल झाला होता. उंच शिडीवर चढायला मी तयार असायचो, म्हणून चार वर्षं शेंदूर लावायचं काम माझ्याकडं होतं. तेलात कालवून चांगला जाड थापायचो. चौथ्या वर्षी आतलं एक अक्षर दिसत नव्हतं. बाया रोज सकाळी आत आल्या की त्याच्यापुढं हात जोडायच्या आणि मग यंत्रापुढं बसायच्या.

आणि ह्यातली खरी गोष्ट अशी की त्या कारखान्यात उर्दू वाचता येणारा माणूस मी एकटाच होतो. तेरच्या सरकारी शाळेत, तहतानिया म्हणायचे तिला, मी तीन वर्षं गेलेलो. मास्तर उर्दू शिकवायचे आणि छडी मारायचे. पुढं बाप गेला आणि शाळा सुटली. पण अक्षर डोक्यात राहिलं. मराठी मला वाचता येत नव्हती, घरात बोलायची भाषा ती, तिचं कुणी अक्षर दाखवलंच नाही. तर जो वाचू शकत होता त्यानंच त्या कागदावर चार वर्षं शेंदूर थापला. ह्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

एका दुपारी भाकरीच्या सुट्टीच्या थोडं आधी शेवटच्या यंत्राचा पट्टा सटकला. मी गेलो, ताणला, ढकलला. पट्ट्याचा सांधा उसवलेला होता, त्यानं तळवा धरला. एवढंच. मिस्त्रीनं इंजन थांबवलं तेव्हा उशीर झाला होता. हाताला फडकं आणि हळद बांधून मला बैलगाडीत घातलं, धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत कोण काय बोललं ते मला आठवत नाही. दवाखान्यात मी वीस-पंचवीस दिवस होतो. तिथला कंपाउंडर रोज पट्टी बदलायचा. बोलका माणूस. एक दिवस त्यानं विचारलं, कुठल्या कारखान्यात झालं. मी सांगितलं. मालकानं सरकारला कळवलं का? मी म्हटलं, सरकारचा काय संबंध, हात माझा. तो हसला. म्हणाला, असल्या कारखान्यात भिंतीवर सरकारचा कागद असतो, कुणाला इजा झाली तर काय करायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. तुमच्याकडं नाही का तो?

मी म्हटलं, आहे. त्या रात्री हातापेक्षा डोकंच जास्त ठणकलं.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मालक आले. ज्वारीचं एक पोतं, एक घोंगडी आणि बरोबर लिहिणारा कारकून. आईनं बसायला पटकूर टाकलं. मालकांनी माझा हात बघितला, त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, आणि आईला म्हणाले की तुमच्या लेकाला मी उघड्यावर टाकणार नाही. दाराशी राखणदार म्हणून बसवतो, माझं घर आहे तोवर ह्याची भाकरी सुटणार नाही. आईनं त्यांच्या पायाला हात लावला. मग कारकुनानं कागद काढला.

कागद मोडीत होता. मी विचारलं, काय लिहिलंय. कारकून म्हणाला, काही नाही, मालकांनी दिलं ते तुला पोचलं, एवढंच. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यानं मालकाकडं बघितलं. मालक म्हणाले, वाच. मग त्यानं वाचलं. त्यात होतं की इजा माझ्या चुकीनं झाली, मालकांचा त्यात काही संबंध नाही, त्यांनी दयेनं जे दिलं त्यावर मी राजी आहे, आणि पुढं मी काही मागणार नाही.

मी म्हटलं, "मालक, दया करायला कागद कशाला लागतो?"

"रीत असते गड्या. तुला काय त्याचं? डावा अंगठा उठव, पोतं आत घे."

कारकुनानं शाईची डबी माझ्यापुढं सरकवली. मी बांधलेला हात वर केला.

"डावा अंगठा तुमच्या दांड्याखाली पडलाय. सापडला तर त्यालाच शाई लावा."

आई रडायला लागली. मालक उठले. त्यांची ती शीर वर आली होती, पण आवाज चढवला नाही. म्हणाले, पोतं राहू दे, राग शांत झाला की ये. मी आईला पोतं बाहेर ठेवायला लावलं. ती ठेवत नव्हती. मग मीच एका हातानं ओढत ते उंबऱ्याबाहेर नेलं. ओढताना जखमेतून रक्त आलं, तरी नेलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं शेजारून उसनं पीठ आणलं आणि भाकरी माझ्यापुढं आदळली. म्हणाली, "खा. मालकाची नको तर शेजारणीची खा. तिच्याकडं कागद न्हाय."

चौथ्या दिवशी मी कारखान्यात गेलो. भाकरीची सुट्टी झाली होती, बाया फडकी सोडून बसल्या होत्या. मी बरोबर वाटीभर करडीचं तेल आणि चुलीतली राख नेली होती. शिडी लावली. एका हातानं शिडी चढणं अवघड जातं, पण मिस्त्रीनं खालून धरली. त्याला वाटलं मी नवस फेडायला आलोय. काचेवर तेल चोळलं आणि राखेनं घासायला लागलो तेव्हा बायांच्या लक्षात आलं.

त्यांच्यात एक म्हातारी होती, सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. कापूस घालण्यात तिचा हात सगळ्यांत जुना. तिनं भाकरी खाली ठेवली आणि शिडीखाली येऊन उभी राहिली.

"काय करतोस?"

"आत काय लिवलंय ते बघतो, मावशे."

"उतरवलेला शेंदूर कुणाच्या अंगावर जातो, ठाऊक हाय का? तुझ्या न्हाय. तुझं जायचं ते गेलं. आमचं अजून शाबूत हाय."

मी थांबलो नाही. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. चार वर्षं मीच थापलेला शेंदूर ओघळून मनगटावरून कोपरापर्यंत येत होता, आणि खालच्या लोकांना तो कसा दिसत असेल ते मला कळत होतं. दोन बाया रडायला लागल्या. पण एक ओळ उघडी झाली, मग दुसरी, आणि मी वाचायला लागलो. शाळा सुटल्यापासून एवढं लांब कधी वाचलं नव्हतं. एक एक अक्षर जुळवत, अडखळत, मोठ्यानं. अवघड शब्द होते, काहींचा अर्थ मला अजून माहीत नाही. पण जे कळलं ते असं. यंत्र चालू असताना त्यात हात घालू नये, पट्टा चढवताना इंजन थांबवावं, आणि ते थांबवलं जातं का हे मालकानं बघावं. इजा झाली तर मालकानं सरकारला कळवावं. ज्याला इजा झाली त्याला मालकानं भरपाई द्यावी. आणि खाली एक ओळ, ती मी तीनदा वाचली. ह्या भरपाईवर हक नाही असं कामगाराकडून लिहून घेतलं, तरी तो हक जात नाही.

म्हणजे मालकांचा कागद हा नुसता कागद होता. मी खाली उतरलो आणि मराठीत सगळ्यांना सांगितलं. मिस्त्री इंजनाकडं निघून गेला. भोंगा झाला आणि त्या सगळ्या उठून यंत्रापुढं बसल्या. मला वाटलं होतं कुणीतरी, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, एवढं तरी म्हणेल. नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काच परत लाल झाली. पहिल्यापेक्षा जाड. मावशीनं पुढं होऊन करवून घेतली, वर दोन नारळ फोडले, असं आईनं ऐकून आणलं.

मी कारखाने तपासणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टरला तेरच्या टपालातून अर्ज पाठवला. चौकटीत खाली त्याच्या कचेरीचं ठिकाण होतं, ते त्या दिवशी वाचलेलं. उर्दूत लिहिला, तीन कागद नासले, चौथा गेला. मग वाट बघणं. त्या दीड महिन्यात मला कारखान्याच्या दारात उभं राहू दिलं नाही. आईला सरकी पाखडायचं काम मिळायचं तेही बंद झालं. कारखान्यात एक पट्टा तुटला, तोही माझ्या नावावर. बाजारात ओळखीचे लोक दुसऱ्या बाजूनं जायचे. एकानं तर तोंडावर सांगितलं, मालकानं भाकरी देतो म्हटलं, ह्याला भाकरी नको, ह्याला सरकार पाहिजे. मी म्हटलं, व्हय, सरकार पाहिजे. मला तरी कुठं ते आवडत होतं. पण भिंतीवर त्याचा शब्द होता आणि मला तो त्याच्याकडून वसूल करायचा होता.

इन्स्पेक्टर छोट्या गाडीनं आला. काळी शेरवानी, रुमी टोपी, बरोबर एक चपराशी. मला टेसनावरून बोलावणं आलं. वाटेत मिस्त्रीनं मला गाठलं. चांगला माणूस होता, माझ्यासाठी घाबरला होता. त्यानं सांगितलं, मालकांनी वकिलाला विचारलंय. कागदावर लिहिलंय की चालू यंत्रात हात घालू नये. ज्याला वाचता येतं आणि तरी हात घालतो, त्यानं हुकूम मोडला, त्याला भरपाई नाही, असं ते म्हणणार. तू म्हण मला वाचता येत नाही. अर्ज दवाखान्यातल्या कंपाउंडरनं लिहून दिला म्हण. एवढं एक खोटं बोल, डाव तुझा.

मी तसाच चालत कारखान्यात शिरलो.

आत सगळे उभे होते. इंजन चालू होतं, मालकांनी मुद्दाम चालू ठेवलं होतं, काम खोळंबू नये म्हणून. इन्स्पेक्टर चौकटीपुढं उभा राहून त्या लाल काचेकडं बघत होता. त्यानं विचारलं, हे काय. मालक म्हणाले, अडाणी लोक आहेत साहेब, कितीदा सांगितलं तरी ऐकत नाहीत. इन्स्पेक्टरनं मागं वळून विचारलं की हे कुणी केलं. मग मावशी पुढं आली. डोईवरचा पदर दोन्ही हातांनी नीट केला.

"म्या केलं. देव म्हनून लावला. आत काय हाय ते मालकानं आमाला एक दिस सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर दुसरीकडं लावला असता."

चपराशानं ते उर्दूत सांगितलं. इन्स्पेक्टर हसला नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मग मालक हळू आवाजात बोलले. हा माणूस उर्दू वाचतो साहेब, सरकारी शाळेत शिकलाय. ह्याला काय लिहिलंय ते ठाऊक होतं. तरी चालू दांड्यात हात घातला. ऐट मिरवायची सवय आहे ह्याला, कुणालाही विचारा.

त्यातलं ऐटीचं खरं होतं.

इन्स्पेक्टर माझ्याकडं वळला. "पढना आता है?"

मिस्त्री इंजनाशेजारून माझ्याकडं टक लावून बघत होता. मी एकदा त्याच्याकडं बघितलं. शाळेतून मला एवढी एकच गोष्ट मिळाली होती. बोटं तर गेलीच होती, आता तीही स्वतःच्या तोंडानं टाकून द्यायची, तेही मालकापुढं, मग माझ्याजवळ राहिलं काय.

"आता है साहब."

"तो ये पढा था?"

"नहीं पढा. शेंदूर मैंनेच लगाया. चार साल."

मालकांनी मान डोलावली, म्हणजे झालं, असं. इन्स्पेक्टर यंत्रांच्या रांगेतून चालत शेवटपर्यंत गेला, आणि शेवटच्या यंत्राचा पट्टा त्यानं मिस्त्रीला उतरवायला लावला. मिस्त्रीनं दांडक्यानं उतरवला. यंत्र थांबलं. इंजन चालूच होतं. इन्स्पेक्टर तिथं उभ्या असलेल्या तेलवाल्याला म्हणाला, "पट्टा चढाओ."

माझ्या जागी घेतलेला तो गडी. येरमाळ्याकडचा, अंगानं दांडगा. साहेबानं आपल्याला सांगितलं ह्याचाच त्याला आनंद झाला. पुढं आला, उजव्या हातानं पट्टा ताणला, डाव्या तळव्यानं चाकावर ढकलला आणि हात मागं घेतला. पट्टा फटकन बसला, यंत्र फिरायला लागलं. त्यानं साहेबाकडं बघितलं, शाबासकी मिळेल म्हणून. मी चार वर्षं अगदी तसाच बघत होतो.

कुणी इंजन थांबवलं नाही. थांबवा असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, ना मिस्त्रीच्या, ना बायांच्या, ना मालकांच्या. मालकांच्या ते लक्षात आलं तेव्हा यंत्र चालू होऊन गेलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

इन्स्पेक्टर म्हणाला, "बस."

एवढंच म्हणाला. वही मिटली. जाताना मालकांना एक गोष्ट सांगितली की इथल्या लोकांना जी भाषा कळते तिच्यात कागद लावा, एका माणसाला कळणाऱ्या भाषेत लावून भागत नाही. आणि मला म्हणाला की अर्जातली तुझी इमला फार वाईट आहे. म्हणजे लिहिण्यातल्या चुका. मी म्हटलं, साहेब, मास्तर छडी मारायचे त्यात वेळ गेला.

भरपाई द्यायचा हुकूम धाराशिवच्या कचेरीतून आला तो पावसाळा उलटून गेल्यावर. मधे मालकांनी दोनदा निरोप पाठवला की कारखान्यात ये, सगळ्यांसमोर माझ्या हातानं देतो, शाल-नारळ देतो, झालं गेलं विसरू. मी निरोप पाठवला की शाल-नारळ तुमच्या मुलीच्या लग्नात द्या. मी कचेरीत गेलो. मालक तिथं बाकावर बसले होते, मला बघून थोडे सरकले, जागा केली. मी उभाच राहिलो. कारकुनानं पावती पुढं केली आणि सवयीनं शाईची डबी उघडली, डावा अंगठा म्हणाला. मी डबी मिटून त्याच्याकडं सरकवली, टाक मागितला, आणि उर्दूत सही केली. पूर्ण नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. सावकाश केली. मागं रांग होती, ती थांबली.

बाहेर मालक म्हणाले, दाराची जागा अजून तुझीच आहे. मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, ते खरं वाईट वाटलेलं होतं, आणि मला त्याचं काही करता येत नव्हतं. ती जागा त्यांच्या खुशीची. खुशीच्या जागेवर मला आयुष्यभर बसायचं नव्हतं. मी आणि आईनं टेसनासमोर चहाची चूल मांडली.

खंडेनवमीला कारखान्याचं दार सगळ्यांना उघडं असायचं, म्हणून त्या वर्षी मी आत गेलो. नवी चौकट लागली होती, उर्दू आणि मराठी शेजारी शेजारी, काच लखलखीत. मावशी शेंदराची वाटी घेऊन खाली उभी होती. मी तिच्या आणि शिडीच्या मधे जाऊन उभा राहिलो.

"काचेला न्हाय, मावशे."

"मग काय, देवाला कोरडा ठेवू?"

"लाकडाला लाव. चौकटीला. काच मोकळी राहू दे."

तिनं वाटी मिस्त्रीच्या हातात दिली आणि म्हणाली की आधी वाचून दाखवा, मग ठरवते. मराठी मला वाचता येत नव्हती. मिस्त्री बार्शीचा, इंग्रजाच्या मुलखातल्या मराठी शाळेत गेलेला, त्याला येत होती. तो मराठी वाचत गेला आणि मी शेजारची उर्दू ओळ बघत गेलो. हा शब्द म्हणजे हे अक्षर, तो शब्द म्हणजे ते. पुढं दोन-तीन वर्षं खंडेनवमी आली की मी तिथं जाऊन असाच उभा राहायचो. आज हे लिहितोय ती मराठी अक्षरं मला त्या काचेवरून आलेली आहेत. शाळेतून नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, वरचा शिक्का बदलला, उर्दू काढून टाकली. खालच्या ओळी त्याच राहिल्या.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. पट्ट्याची ओळ तिनं मिस्त्रीला परत वाचायला लावली. मग शिडीवर कुणाला चढू दिलं नाही, स्वतः चढली, त्या वयात, आणि चौकटीच्या चारी कोपऱ्यांना शेंदराचं एकेक बोट लावलं. काचेला हात लागू दिला नाही. उतरताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "एवढी वर्सं हात जोडले. आन् त्यो आतून सांगत व्हता, हात घालू नका."

हंगाम सुरू झाला. एका दुपारी मी चुलीवर आधण ठेवून बसलो होतो. गाडीला वेळ होता, एकच गिऱ्हाईक होतं, लांबच्या गावचा एक माणूस, ह्या बाजूला नवीन. आणि कारखान्याचं इंजन थांबलं. भाकरीची सुट्टी नव्हती. भोंगा झाला नव्हता. भर कामात थांबलं. आवाज इतका एकाएकी गेला की झाडावरचे पारवे उडाले.

गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं हो कारखान्याला?

मी म्हटलं, "पट्टा सटकला असंल. चढवतील."

आणि त्याला चहा गाळून दिला.